कार्टूनमधल्या पात्राचे ओठ वाचता येतात का?

ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेण्यात तरबेज असलेली एखादी कर्णबधिर व्यक्ती कार्टून पाहायला बसली, तर पडद्यावरचे पात्र काय बोलते आहे हे तिला नुसते त्याच्या तोंडाकडे पाहून कळेल का? थोडक्यात उत्तर द्यायचे तर, जवळपास नाही. मात्र याचे खापर चित्र काढणाऱ्यांच्या आळसावर फोडता येत नाही. कार्टूनमधले तोंड ही बोलण्याची नोंद नसते. ज्याच्या कानांवर ते बोलणे आधीच पडते आहे, त्याचा विश्वास बसावा म्हणून दिलेली ती खूण असते. लिपसिंकचे, म्हणजे पात्राचे ओठ आवाजाशी जुळवण्याचे, बहुतेक सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात आणि ओष्ठवाचन करणाऱ्याची अडचणही तिथेच सुरू होते.

आधी खऱ्या माणसाच्या ओठांवर नेमके काय दिसते ते पाहू. त्यासाठी आपली वर्णमाला फार सोयीची आहे, कारण तिची मांडणीच उच्चारस्थानांनुसार केलेली आहे. ‘क’ वर्ग कंठाजवळ, ‘च’ वर्ग टाळूपाशी, ‘ट’ वर्ग त्याच्या थोडा पुढे, ‘त’ वर्ग दातांपाशी आणि ‘प’ वर्ग थेट ओठांवर, असा हा प्रवास आतून बाहेर होतो आणि जसजसे बाहेर यावे तसतसे उच्चार डोळ्यांना दिसू लागतात. ‘काल’, ‘खाल’ आणि ‘गाल’ हे शब्द पाहणाऱ्याला तोंड उघडल्यापलीकडे फारसे काही दाखवत नाहीत. ‘त’ किंवा ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक दातांमागे ओझरते दिसते. ‘प’ वर्गात मात्र ओठ पूर्ण मिटतात आणि ते कोणालाही दिसते. पण अडचण अशी की एका वर्गातल्या अक्षरांमधला फरक ओठांवर घडतच नाही. ‘प’ आणि ‘ब’ यांच्यातला फरक स्वरतंतूंच्या कंपनाचा आहे, ‘ब’ आणि ‘भ’ यांच्यातला श्वासाच्या जोराचा आणि ‘म’चे वेगळेपण हवा नाकावाटे बाहेर पडण्यात आहे. यातले काहीही चेहऱ्यावर उमटत नाही. त्यामुळे ‘पार’, ‘बार’, ‘भार’ आणि ‘मार’ हे चार शब्द आवाजाविना जवळजवळ एकसारखे दिसतात.

डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या उच्चारांच्या अशा गटाला ‘व्हिझीम’ म्हणतात. ही संज्ञा १९६८ मध्ये क्लीटस फिशर या संशोधकाने वापरात आणली. भाषेत अर्थभेद करणारे ध्वनी पुष्कळ असतात, व्हिझीम मात्र मोजकेच. संगणकीय चेहऱ्यांसाठी ठरवलेल्या एमपेग-४ या मानकात तटस्थ चेहरा सोडून केवळ १४ व्हिझीम आहेत. म्हणजे ओष्ठवाचन करणाऱ्याच्या हाती मुळातच अर्धवट माहिती येते आणि उरलेली पोकळी तो विषय, वाक्याची घडण, बोलणाऱ्याच्या भुवया, मान, हातवारे आणि आधीच्या वाक्याचा संदर्भ यांच्या आधारे भरून काढतो. ओठ पुरेसे नाहीत हे मान्य करूनच ऑरिन कॉर्नेट यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणसंस्थेत ‘क्यूड स्पीच’ ही पद्धत तयार केली. तिच्यात बोलणारा चेहऱ्याजवळ हाताचे ठरावीक आकार करतो आणि ओठांवर एकसारखे दिसणारे उच्चार त्या आकारांमुळे वेगळे ओळखता येतात.

ओष्ठवाचन ही केवळ कर्णबधिरांची गरज आहे असे मानण्याचे कारण नाही. गोंगाटात समोरच्याचा चेहरा दिसत असेल तर बोलणे बरेच अधिक समजते, हे विल्यम सम्बी आणि अर्विन पोलॅक यांनी १९५४ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. पॅट्रिशिया कूल आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर चार-साडेचार महिन्यांची बाळे ऐकू येणाऱ्या स्वराशी जुळणारे तोंड असलेल्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत राहिली. तोंड आणि आवाज यांची सांगड आपण बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी घालू लागतो, असे यावरून दिसते.

या सांगडीचा सर्वांत गाजलेला पुरावा १९७६ चा आहे. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी एका चित्रफितीत ओठ ‘ग’चे ठेवले आणि त्यांवर आवाज ‘ब’चा जोडला, पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना या दोहोंपैकी काहीच ऐकू आले नाही, त्यांना चक्क ‘द’ ऐकू आला. मेंदूचा हिशोब साधारण असा होतो: ओठ मिटलेले दिसले नाहीत, तेव्हा हा ‘ब’ असू शकत नाही; मग कानावर पडलेल्या आवाजाशी आणि उघड्या तोंडाशी एकाच वेळी जुळेल असा उच्चार कोणता? उत्तर म्हणून तो मधल्या जागेतला ‘द’ पुढे करतो. डोळे मिटले की तोच आवाज पुन्हा स्वच्छ ‘ब’ होतो आणि यात काय घडते आहे हे माहीत असूनही भ्रम जात नाही. लिपसिंक करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. काही आकार चुकले तर प्रेक्षक खपवून घेतो, पण मिटायला हवे असलेले ओठ मिटले नाहीत तर त्याला ऐकू येण्यातच बिघाड होऊ शकतो.

बोलपट येण्याआधी हा प्रश्नच नव्हता. मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या अमेरिकी ॲनिमेटर बंधूंनी १९२६ च्या एका गाणे-कार्टूनमध्ये कुत्र्याच्या तोंडी एक वाक्य घालून त्याचे ओठ आवाजाशी जुळवले होते. १९२८ मध्ये मिकी माऊसच्या ‘स्टीमबोट विली’ने ध्वनी आणि चित्र यांचा मेळ लोकप्रिय केला, तरी त्यात संवाद नावापुरतेच होते. १९३० च्या दशकात फ्लायशर यांच्या स्टुडिओत बऱ्याचदा चित्रे आधी पुरी होत आणि आवाज नंतर भरला जाई. पॉपाय या खलाशाचे ते तोंडातल्या तोंडात पुटपुटणे याच पद्धतीची देणगी आहे. ओठ हलत नसतानाही कलाकार आयत्या वेळी सुचलेले शेरे मारत असत आणि ती त्या पात्राची खासियतच बनून गेली. डिस्नेसारख्या स्टुडिओंत मात्र आवाज आधी आणि चित्र नंतर हा क्रम रुळला, आणि पुढे अमेरिकेत तोच सर्वमान्य झाला.

या क्रमात व्हॉइस आर्टिस्टचे संवाद ध्वनिमुद्रित झाले की कोणीतरी ती ध्वनिफीत अक्षरशः इंच-इंच पुढे सरकवून ऐकत असे आणि कोणता उच्चार कितव्या फ्रेमला, म्हणजे चित्रफितीतल्या कितव्या स्थिर चित्राला, सुरू होतो ते टिपून घेत असे. ही नोंद ज्या उभ्या तक्त्यावर होते त्याला डोप शीट किंवा एक्स-शीट म्हणतात. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्रेम. आता हे काम संगणकाच्या पडद्यावर ध्वनिलहरींची आकृती पाहत होते, पण तक्त्याचे तत्त्व बदललेले नाही.

इथे एक साधे गणित आडवे येते. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम दाखवले जाते, त्यामुळे सेकंदाला चित्रे उरतात १२. नेहमीच्या वेगाने बोलणारा माणूस मात्र सेकंदाला साधारण दहा ते पंधरा ध्वनी उच्चारतो. प्रत्येक ध्वनीसाठी एक तोंड काढायचे ठरवले तर जवळपास प्रत्येक चित्रात तोंड बदलेल आणि पडद्यावर बोलण्याऐवजी नुसती फडफड दिसेल. ‘सगळे उच्चार दाखव’ असे नवख्याला वाटते आणि त्याचे पहिले लिपसिंक हमखास असेच फडफडते. अनुभवी ॲनिमेटर उलट गाळत जातो. अक्षर-अक्षर न पाहता तो वाक्याचा झोक पाहतो. आघात कुठे आहे, तोंड सर्वांत मोठे कधी उघडते आणि ओठ कधी मिटतात एवढे टिपून मधले बरेच काही सोडून देतो.

मग टिकून राहते काय? प्रत्येक पात्राचा एक माउथ चार्ट म्हणजे तोंडाच्या ठरावीक आकारांचा तक्ता आधीच तयार केलेला असतो. डिस्ने आणि एमजीएम या स्टुडिओंत काम केलेल्या प्रेस्टन ब्लेअर यांनी आपल्या शिकवणीच्या पुस्तकात दिलेला असा तक्ता आजही विद्यार्थी गिरवतात. ‘आ’साठी मोठे उघडे तोंड, ‘ई’साठी आडवे ताणलेले, ‘ओ’ आणि ‘ऊ’साठी कमी-अधिक गोल, ‘प-ब-म’साठी मिटलेले, इंग्रजी ‘एफ-व्ही’साठी खालच्या ओठावर वरचे दात, ‘ल’साठी जिभेचे टोक दाखवणारे आणि उरलेल्या बहुतेक व्यंजनांसाठी किंचित उघडे असे एकच सामायिक तोंड, असा हा संसार दहा-बारा आकारांत आटोपतो. रूबार्ब नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तर मूळ आकार सहाच आहेत. आपल्या ‘क’, ‘च’, ‘ट’ आणि ‘त’ या चारही वर्गांचा बहुतांश भाग त्या एका सामायिक तोंडात जातो, यावरून किती माहिती गाळली जाते याची कल्पना यावी.

गाळणीचेही कायदे आहेत. ‘प-ब-म’साठी मिटलेले ओठ किमान दोन फ्रेम टिकले पाहिजेत, अन्यथा ते डोळ्यांत भरत नाहीत, जागा नसेल तर शेजारच्या स्वराच्या वाट्याची फ्रेम घ्यावी, पण ओठ मिटवावेत. दुसरा कायदा असा की तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी असलेले चालते, किंबहुना ते अधिक बरे दिसते. मागे राहिलेले चालत नाही. याचे कारण आपल्या इंद्रियांत आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो, त्यामुळे ३४ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला त्याचे ओठ हलल्यानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी ऐकू येते. दिसणे आधी आणि ऐकू येणे नंतर याची मेंदूला सवय आहे, उलट क्रमाची नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हाच असमतोल आकड्यांत दिसतो. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर चूक जाणवू लागते, पण तो उशिरा येत असेल तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ती जाणवत नाही. फ्रेमच्या हिशोबात एका बाजूला जेमतेम एक फ्रेम, तर दुसऱ्या बाजूला तीन.

खर्च कमी करायचा तर गाळणी आणखी मोठ्या छिद्रांची होते. हॅना-बार्बेरा कंपनीने दूरचित्रवाणीसाठी कार्टून बनवायला घेतली तेव्हा पात्राचे धड एका पारदर्शक शीटवर स्थिर ठेवून फक्त डोके किंवा तोंड बदलण्याची युक्ती सर्रास वापरली. योगी बेअरच्या गळ्यातली कॉलर आणि टाय धड व डोके यांचा सांधा लपवण्याच्या कामी येतात. जपानी ॲनिमे मालिकांत तोंडाचे बहुधा तीनच आकार असतात, मिटलेले, अर्धे आणि उघडे, आणि संवाद चित्रे झाल्यावर भरले जातात. १९८८ चा ‘अकिरा’ हा चित्रपट याला ठळक अपवाद आहे. त्याचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून ओठ त्यांच्यावर बेतले गेले. तीन आकारांच्या तोंडातून ओष्ठवाचन करणे अशक्यच आहे, कारण तिथे तोंड फक्त ‘आता हा बोलतो आहे’ एवढेच सांगते. तरीही प्रेक्षकाला त्या पात्राच्या दुःखाने रडू येते, हे विसरून चालत नाही. भावना डोळे, खांदे आणि आवाज वाहून नेतात.

याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोगही होऊन गेला आहे. १९५९ मध्ये आलेल्या ‘क्लच कार्गो’ या अमेरिकी मालिकेत चित्रातले चेहरे जवळजवळ गोठलेले असत आणि त्यांच्या तोंडाच्या जागी खऱ्या माणसाचे बोलणारे ओठ चिकटवलेले असत. सिंक्रो-व्हॉक्स नावाचे हे तंत्र तिथे काटकसरीसाठी वापरले होते. विचार केला तर ओष्ठवाचन करता येईल असे कार्टून हेच, कारण त्यातले ओठ खरेच बोलत होते. आणि माझ्या मते पाहायला सर्वांत विचित्र लिपसिंकही हेच आहे. रेषांनी काढलेल्या निर्जीव गालांमध्ये ओलसर, दात दाखवणारे मानवी ओठ वळवळताना पाहून अंगावर काटा येतो. ओठांचा अचूकपणा आणि पात्राचा खरेपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे इतक्या स्वस्तात दुसऱ्या कोणी सिद्ध केले नसेल.

बाहुली थोडी थोडी हलवत एकेक फ्रेम टिपून बनवलेल्या स्टॉप-मोशन चित्रपटांत तोंडाचा प्रत्येक आकार ही हातात धरता येणारी वस्तू असते. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ या १९९३ च्या चित्रपटात जॅक या नायकासाठी सुमारे ४०० वेगवेगळी डोकी बनवली होती. २००९ च्या ‘कोरालाइन’मध्ये चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतले आणि भुवयांचा वरचा भाग व तोंडाचा खालचा भाग वेगळा ठेवला, त्यामुळे जोड्या बदलून दोन लाखांहून अधिक हावभाव शक्य झाले.

संगणकीय ॲनिमेशनमध्ये एक नवी सोय आली: दोन आकारांमधली वाट संगणक आपणहून भरतो. त्यामुळे बोलण्याचा जो गुण हातचित्रात पकडणे जड होते, तो इथे साधू लागला. आपण ध्वनी मण्यांसारखे एकामागून एक ओवत नाही, तर ते एकमेकांत कालवलेले असतात. ‘तू’ आणि ‘ती’ हे शब्द आरशासमोर म्हणून पाहावेत. ‘त’चा उच्चार सुरू होण्याआधीच पहिल्यात ओठ गोल झालेले असतात आणि दुसऱ्यात ताणलेले. मायकल कोहेन आणि डॉमिनिक मसारो यांनी १९९३ मध्ये यासाठी एक प्रतिरूप मांडले, ज्यात प्रत्येक ध्वनीचा तोंडावरचा प्रभाव हळूहळू चढतो आणि उतरतो आणि शेजारच्या ध्वनींचे प्रभाव एकमेकांवर चढून अंतिम आकार ठरतो. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या ‘जाली’ या पद्धतीने पुढचा मुद्दा उचलला. तेच वाक्य माणूस पुटपुटतो तेव्हा जबडा जवळजवळ हलत नाही, ठासून म्हणतो तेव्हा ओठ आणि जबडा दोन्ही कामाला लागतात. म्हणून जबडा आणि ओठ यांचे नियंत्रण दोन वेगळ्या अक्षांवर ठेवावे. पात्राचा स्वभाव लिपसिंकमध्ये शिरतो तो या वाटेने.

डबिंगची अडचणही आता सहज उलगडेल. इंग्रजीसाठी काढलेल्या ओठांवर मराठी संवाद बसवताना लेखकाला प्रत्येक आकार जुळवण्याची गरज नसते. वाक्याची लांबी, तोंड उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि चेहरा जवळून दिसत असेल तेव्हा मिटलेल्या ओठांवर ‘प-ब-म’ पैकी काही आणणे, एवढे सांभाळले की बहुतेक वेळा निभावते. कार्टूनचे तोंड मुळातच मोघम असल्यामुळे हे काम खऱ्या नटांच्या डबिंगपेक्षा सोपे जाते. चोच असलेल्या पात्रांना तर ओठच नसतात. त्यांच्या चोची ओठांसारख्या वाकतात आणि आपण ते बिनतक्रार मान्य करतो.

हा मोघमपणा ऐकू येणाऱ्याला सोयीचा आहे, कर्णबधिर प्रेक्षकाचा मात्र त्यात पुरता तोटा होतो. खऱ्या नटाच्या चेहऱ्यावरून त्याला काही शब्द तरी लागतात, कार्टूनमध्ये संवादासाठी केवळ उपशीर्षकांवर विसंबावे लागते. त्यातही गर्दीच्या दृश्यात किंवा पात्र पाठमोरे असताना कोण बोलते आहे ते ओठांवरून ठरवणे कठीण असल्यामुळे उपशीर्षकात बोलणाऱ्याचे नाव देणे इथे अधिकच आवश्यक ठरते.

आणि तरीही ॲनिमेशनचा चेहरा वाचताच येणार नाही, असा काही निसर्गनियम नाही. वर उल्लेख केलेल्या मसारो यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने ‘बाल्डी’ नावाचा संगणकीय चेहरा तयार केला, तो मुळी वाचला जावा म्हणूनच. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या टकर-मॅक्सन शाळेत कर्णबधिर मुलांना शब्द आणि उच्चार शिकवण्यासाठी त्याचा उपयोग झाला. बाल्डीला जीभ, दात आणि टाळू होते, त्याचा वेग कमी करता येत असे, त्याला बाजूने पाहता येत असे आणि त्याची त्वचा पारदर्शक केली की जीभ आत कुठे टेकते तेही दिसत असे. स्वरतंतू थरथरतात की नाही हे कळावे म्हणून त्याचा गळा कंप पावताना दाखवण्याचीही सोय होती. ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक कोणत्याही माणसाच्या ओठांवर दिसत नाही, या चेहऱ्यावर मात्र तो दाखवता येत होता.